पहिला प्रश्न भाषेचा

नवा मिक्सर घरात आला की त्याची भांडी, पाती, झाकणं आधी आपणच तपासून घेतो. लॅपटॉप आला की मात्र चहाचा ट्रे टेबलावर ठेवून आपण बाजूला उभ्या! आमच्याकडेही तसंच झालं.

आमच्या गल्लीतल्या १२ जणींच्या भिशीचा हिशेब गेली ९ वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी लेक म्हणाला, "आई, वही ठेव आता. यात बेरीज आपोआप होते." त्याने लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घातला. चौकट आली की "नेक्स्ट, नेक्स्ट" करत पाच मिनिटांत मोकळा झाला. मी कौतुकाने बघत राहिले.

तो हॉस्टेलवर परत गेला आणि कौतुक उतरलं. सगळं इंग्रजीत! मला इंग्रजी वाचता येतं हो, पण पटकन उमगत नाही. एका संध्याकाळी दोन महिन्यांच्या नोंदी उतरवल्या, बंद करताना काहीतरी विचारलं, मी भलतंच बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. मग दर रविवारी लेकाला फोन. मैत्रिणी मला विचारायच्या, मी त्याला. हे म्हणाले, "त्यालाच करू दे ना!" मन खट्टू झालं. नऊ वर्षांचं माझं काम अलगद हातातून निघालं होतं.

दिवाळीत वन्सं आल्या. त्या शाळेत संगणक शिकवतात. ऐकून म्हणाल्या, "वहिनी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत."

तो प्रश्न भाषेचा. प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या फाइलला इन्स्टॉलर म्हणतात. काही इन्स्टॉलर सुरुवातीलाच भाषा विचारतात, काही संगणकाची भाषा बघून स्वतःच ठरवतात. आपण काही न सांगता जी लागू होते ती 'डिफॉल्ट' भाषा. पंगतीत न विचारता पानात पडलेल्या पदार्थासारखी!

वन्संनी नुसतं सांगितलं, माउस माझ्याच हातात दिला. तीच इन्स्टॉलर फाइल मी पुन्हा उघडली आणि 'मॉडिफाय' निवडलं. यादीत 'ॲडिशनल यूजर इंटरफेस लँग्वेजेस' खाली मराठीपुढे लाल फुली होती. तिच्यावर क्लिक करून बसवण्याचा पर्याय दिला. (पहिल्यांदाच बसवत असाल तर 'टिपिकल' ऐवजी 'कस्टम' निवडा, म्हणजे हीच यादी दिसेल.) मग प्रोग्रॅम उघडून 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि तिथे भाषेच्या पानावर 'यूजर इंटरफेस' पुढे मराठी. बंद करून पुन्हा उघडला, तर बटणं मराठीत! हे भाषांतर स्वयंसेवक करतात, त्यामुळे एखादी ओळ इंग्रजीत राहते. चालवून घ्यायचं.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा:

इन्स्टॉलरची भाषा आणि प्रोग्रॅमची भाषा दर वेळी एकच असते असं नाही. बसवून झाल्यावर आतली भाषाही तपासा.

अख्खा संगणकच मराठीत हवा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये मराठी जोडता येते. पण विंडोजची 'सिंगल लँग्वेज' आवृत्ती असेल तर पडद्याची भाषा बदलत नाही. लॅपटॉप घेतानाच दुकानदाराला विचारा. तशा संगणकावरही मराठी टंकलेखन जमतं आणि लिब्रेऑफिससारखा प्रोग्रॅम मराठीत चालतो.

नवा मोबाइल सुरू करतानाही बहुधा पहिलाच प्रश्न भाषेचा असतो. सासूबाईंचा फोन असेल तर तो प्रश्न त्यांनाच वाचू द्या. घाईघाईत आपण "ओके" दाबू नये.

परवा भिशीचा हिशेब मीच काढला. एका मैत्रिणीचे पैसे दोनदा धरले होते, ते मीच शोधलं. लेकाला फोन केला तो फक्त जेवलास का विचारायला. लाल वही मात्र अजून कपाटात आहे. असू दे!