बॉग : फक्त पावसावर जगणारी दलदल

आयरिश भाषेत ‘बॉग’ म्हणजे मऊ. पाय ठेवताच खचणाऱ्या, बारा महिने चिंब राहणाऱ्या जमिनीचे नाव त्यावरूनच पडले आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आले. पुढे इंग्रजीत त्याचे क्रियापद झाले: चिखलात रुतणे, काम रखडणे. वाट अडवणारी, नांगराला दाद न देणारी जमीन, एवढीच बॉगची ओळख उरली. हा या जमिनीवर मोठा अन्याय आहे.

इंग्रजीत दलदलीला नावे अनेक आहेत. झाडांची ती स्वॉम्प, गवताची ती मार्श. पण खरा फरक कळतो तो बॉग आणि फेन यांच्यात. दोन्हींत पीट असते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा-तपकिरी थर. (नारळाच्या भुशाच्या कोकोपीटमुळे हे नाव आपल्याकडच्या बागकाम करणाऱ्यांना परिचयाचे आहे.) फेनला भूजल मिळते, त्यातून क्षारही मिळतात. बॉग मात्र स्वतःच्याच पीटवर उंच वाढत जाते आणि भूजलापासून तुटते. मग तिला पाणी मिळते ते निव्वळ पावसाचे, जवळजवळ क्षारविरहित.

अशा उपासमारीत स्फॅग्नम नावाचे शेवाळ तग धरते. त्याच्या पोकळ, मृत पेशी कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतात. पाण्यातले थोडेफार क्षार ते शोषते आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडते. त्यामुळे पाणी आम्लधर्मी होते. आम्ल, गारवा आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे जिवाणूंचे काम मंदावते. मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही, साचत जाते. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. नायट्रोजनसाठी इथल्या ड्रोसेरासारख्या वनस्पती कीटक पकडतात. कासच्या पठारावर बॉग नाही, पण पोषणाची चणचण तशीच आहे. म्हणून तिथली नाजूक जांभळी ‘सीतेची आसवं’ही कीटकभक्षीच.

मे १९५० मध्ये डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गजवळ पीट कापताना एक प्रेत सापडले. हनुवटीवरचे खुंट, कपाळावरच्या सुरकुत्या, गळ्यात चामड्याचा फास, सारे शाबूत. ताजा खून समजून पोलिसांना बोलावले गेले. तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वी मेला होता. टॉलुंड मॅन या नावाने आज तो जगाला माहीत आहे. पोटात सातू आणि जवसाची पेज होती. आम्लाने हाडांतला चुना विरघळवला होता, पण कातडी चांभाराने कमवावी तशी टिकली होती.

जे प्रेताचे, तेच कार्बनचे. पीटची जमीन जगाच्या भूभागाच्या अवघी तीन टक्के आहे, तरी जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक तिच्यात साठला आहे. या साठ्याला कुलूप आहे ते पाण्याचे. चर खणून पाणी काढले की आत हवा शिरते, जिवाणू कामाला लागतात आणि हजारो वर्षांचा ठेवा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

याचा पुरावा इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या होल्म फेनमध्ये उभा आहे. १८५१ च्या सुमारास शेतीसाठी तिथले मोठे तळे उपसले गेले, तेव्हा पीटमध्ये एक लोखंडी खांब पुरला होता, माथा जमिनीच्या पातळीत ठेवून. आज तो सुमारे चार मीटर वर आलेला दिसतो. खांब जागचा हललेला नाही. पीट सुकून आकसले, उरलेले हवेत गेले, आणि जमीन समुद्रसपाटीच्याही खाली उतरली.

आता त्याच परिसरात ‘ग्रेट फेन’ प्रकल्पातून जमीन पुन्हा ओली केली जात आहे. आयर्लंडच्या सरकारी पीट कंपनीने, बोर्द ना मोनाने, २०२१ च्या आरंभी पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले आणि चर बुजवायला घेतले. पाणी परतले की गळती लवकर आटोक्यात येते. पण वर्षाला एक मिलिमीटर या गतीने चार मीटर थर साचायला चार हजार वर्षे लागतील. म्हणून मला वाटते, स्कॉटलंडच्या फ्लो कंट्रीसारख्या, बऱ्याच अंशी शाबूत असलेल्या बॉगना आधी हात लागू देऊ नये. २०२४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले, ते योग्यच झाले.