सीव्ही की लग्नाचा बायोडाटा?

प्लेसमेंटचा सीझन आला की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वर्ड फाइल या रूममधून त्या रूममध्ये फिरायला लागते. ती मुळात कोणत्या बॅचच्या सीनियरने बनवली हे कुणालाच माहीत नाही. वरचं नाव बदला, टक्के बदला, की झाला सीव्ही तयार! मीसुद्धा तेच केलं होतं. आणि पहिल्याच मुलाखतीत सापडले.

मुलाखत घेणाऱ्या सरांनी माझा कागद वाचला, हसले आणि म्हणाले, "हे करिअर ऑब्जेक्टिव्ह आज सकाळपासून मी तिसऱ्यांदा वाचतोय. यातलं तुमचं स्वतःचं काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे इंग्रजी बोलायला मी घाबरत नाही. पण फाडफाड इंग्रजीत सांगायला तरी काहीतरी हवं ना! सिलेक्शन झालं नाही हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून सीव्ही या विषयावर जे वाचलं, सरांना-मॅडमना विचारलं, ते इथे लिहितेय. (शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!)

आपली पहिली चूक म्हणजे आपण सीव्हीच्या नावाखाली बायोडाटा लिहितो. वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती, छंद... अहो, हे स्थळ बघायला पाठवायचं का नोकरीला? खासगी कंपनीला यातलं काहीही लागत नाही. सरकारी भरतीत ही माहिती लागते, पण तिथे ठरलेला अर्ज असतो, तो भरायचा. 'कर्रिक्युलम व्हिटे' या लॅटिन शब्दांचा अर्थ साधारण 'आयुष्याची वाटचाल' असा आहे. म्हणजे आपण कोण आहोत यापेक्षा आपण काय करत आलो, हे त्यात यायला हवं.

"पण आपण केलंय काय?" हाच खरा प्रश्न. माझ्या रूममेटचंही हेच म्हणणं होतं. ती इलेक्ट्रिकलची, परंडा तालुक्यातली. इंग्रजीची भीती वाटते म्हणून तिने मला सीव्ही टाइप करून मागितला. मी विचारलं, "अनुभव काय लिहू?" ती म्हणाली, "कायच नाही गं. फ्रेशर लिही."

थोड्या वेळाने बोलता बोलता कळलं की तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दहावीपासून प्रत्येक उन्हाळ्यात ती तिथे काम करते! आपल्या जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे बोअरचं पाणी तळाला गेलेलं. पाणी नसताना पंप चालू राहिला की मोटार जळते. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार दोनच फेजवर चालत राहिली, तर उरलेल्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, तरीही जळते. जळालेलं वाइंडिंग बघून मोटार कशाने गेली हे तिला ओळखता येतं. मेगरने इन्सुलेशन तपासणं, टर्न मोजणं, स्टार्टर जोडणं, सगळं हाताखालचं. मी म्हटलं, "अगं, हे का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "ते काय सीव्हीत लिहायचं असतं का? दुकानातलं काम आहे ते."

मला वाटतं आपल्यापैकी निम्म्या लोकांची हीच अडचण आहे. कुणी घरच्या शेतावर ठिबक बसवलंय, कुणी गाळप हंगामात साखर कारखान्यात ट्रेनिंग केलंय, कुणी नवरात्रात तुळजापूरला एनएसएसतर्फे गर्दीच्या रांगा सांभाळल्यात. हे सगळं आपण लाजून लपवतो आणि त्या जागी 'हार्डवर्किंग, सिन्सिअर, क्विक लर्नर' असे उसने शब्द भरतो. हे शब्द कुणीही लिहू शकतं. म्हणूनच ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

मग लिहायचं कसं? एका ओळीत चार गोष्टी आणायच्या: काय केलं, कुठे आणि कधी केलं, किती केलं, त्याने काय झालं. उदाहरण घ्यायचं तर ज्यांच्या वाढदिवशी आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करतो, त्या विश्वेश्वरय्यांचंच घेऊ. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून ते १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. त्यांच्या कामाची ओळ अशी होईल: 'खडकवासला धरण, १९०३. पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे तयार करून बसवले. धरणाची भिंत न वाढवता पाणीसाठा वाढला.' यात 'हार्डवर्किंग' कुठे आहे का? गरजच पडली नाही!

याच पद्धतीने रूममेटची ओळ आम्ही बनवली. दुकानाची वही उघडून मोजलं आणि लिहिलं: 'दोन उन्हाळ्यांत ४० हून जास्त सबमर्सिबल मोटारींची तपासणी आणि रिवाइंडिंग. प्रत्येक मोटार जळण्याच्या कारणाची नोंद.' आकडा वहीतला आहे, त्यामुळे कुणीही विचारलं तरी ती डगमगणार नाही. लक्षात ठेवा, सीव्हीतली प्रत्येक ओळ म्हणजे मुलाखतीतला एक प्रश्न. ज्यावर पाच मिनिटं बोलता येत नाही, ती ओळ काढून टाका.

दुसरी गोष्ट. एकच सीव्ही पन्नास ठिकाणी पाठवायचा नसतो. सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागायला एक पत्र तयार केलं. त्याला बरेच जण जगातला पहिला सीव्ही म्हणतात. आपल्याला तो चित्रकार म्हणून माहीत. पण त्याने आधी लिहिलं ते हलके नेता येणारे पूल, खंदकातलं पाणी काढणं, भुयारं, तोफा यांबद्दल, कारण त्या काळात राजाला लढाईची काळजी होती. चित्रकला पार शेवटी! समोरच्याची गरज काय आहे ते पाहून त्याने आपल्या कामांचा क्रम लावला. आपणही जाहिरात नीट वाचून, तिथे लागणारं काम वर आणि बाकीचं खाली घ्यायचं. खोटं काही घालायचं नाही, फक्त क्रम बदलायचा.

आता काही बारीकसारीक गोष्टी:

१. फ्रेशरला एक पान पुरे. नाव, मोबाइल, ई-मेल वर. ई-मेल साधा, नावाचा असावा. 'कूलप्रिन्स' वगैरे शाळेतच सोडा.

२. नाव सगळीकडे मार्कशीटप्रमाणे एकसारखं ठेवा. नंतर कागदपत्रं तपासताना त्रास होत नाही.

३. आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न! २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण आपल्या जुन्या मार्कशीटवर उस्मानाबादच आहे. पत्त्यात धाराशिव लिहा आणि बाहेरच्या लोकांसाठी एकदाच 'पूर्वीचे उस्मानाबाद' असं जोडा. मार्कशीट, दाखले यांवर जे छापलंय त्यात आपण खाडाखोड करायची नाही.

४. सीजीपीए लिहिताना तो १० पैकी आहे हे लिहा. टक्के मागितले तर विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा. बॅकलॉग विचारला तर खरं सांगा.

५. आधार नंबर, पॅन नंबर सीव्हीत अजिबात नको. कागद कुणाकुणाच्या हातात जातो ते आपल्याला कळत नाही.

६. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर सीव्ही वाचतं. रंगीत चौकटी, टेबल, चित्रं यांत ते गोंधळू शकतं. साधी मांडणी करा आणि पीडीएफ पाठवा.

७. चॅटजीपीटीकडून इंग्रजी सुधारून घ्यायला हरकत नाही. पण सगळा सीव्हीच त्याला लिहायला सांगितला, तर ती पुन्हा फिरती वर्ड फाइलच झाली, फक्त नवीन!

८. छापण्याआधी दुसऱ्याला वाचायला द्या. स्वतःची स्पेलिंगची चूक स्वतःला दिसत नाही.

आपले लॅब असिस्टंट आणि स्टाफमधले जे नवीन नोकरी शोधतायत त्यांनाही हेच लागू पडतं. फक्त त्यांनी शिक्षणाआधी अनुभव लिहावा, सध्याची नोकरी सर्वांत वर. 'लॅब सांभाळली' एवढंच न लिहिता, कोणती मशीन सुरू ठेवली, बंद पडलेली कोणती दुरुस्त केली, किती बॅचची प्रॅक्टिकल घेतली ते लिहावं.

मागच्या महिन्यात रूममेटची मुलाखत झाली. बराच वेळ त्यांनी तिला फक्त मोटारींबद्दल विचारलं. इंग्रजीत अडली तिथे ती मराठीत बोलली, कागद घेऊन वाइंडिंगची आकृती काढून दाखवली. निकाल अजून यायचाय. पण खोलीवर आल्यावर तिने आधी घरी फोन लावला आणि म्हणाली, "बाबा, आज सगळं आपल्या दुकानाचंच विचारलं."

तेव्हा चला, ती फिरती फाइल आजच डिलीट करा. एक कोरा कागद घ्या आणि आपण आजवर हाताने काय काय केलंय त्याची यादी करा, मराठीतच करा. इंग्रजी नंतर करू, त्याला मी आहे! तुम्हा सर्वांना मनापासून ऑल द बेस्ट!