पवनीचें जुनें वस्त्र व त्याची पारख

अस्सल कागदाची पारख आमच्या संग्राहक मंडळींस नवी नाहीं. मायना, शिक्का, अक्षराचें वळण व तिथिवारांचा मेळ पाहून पत्र खरें कीं बनावट हें बहुधा ठरवितां येतें. वस्त्राचें तसें नाहीं. त्यावर तारीख नसते, लेखकाचें नांव नसतें. असते ती केवळ घराण्यांतील सांगी. वैनगंगेकांठच्या पवनीसारख्या गांवीं ही अडचण विशेष जाणवते. या गांवाचें प्राचीनत्व निर्विवाद आहे. १९६९-७० सालीं डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनीं केलेल्या उत्खननानें तेथील बौद्ध स्तूप उजेडांत आला. त्याच गांवीं कोष्ट्यांच्या मागांवर बारीक सुताचीं रेशीमकांठी वस्त्रें निघत. तेव्हां एखाद्या पेटींतून जीर्ण धोतरजोडी निघाली म्हणजे ती भोसल्यांच्या वेळची म्हणून सांगितली जावी, यांत नवल नाहीं. ही सांगी तपासावी कशी, एवढाच प्रश्न.

प्रश्न निघतांच पुष्कळांस किरणोत्सारी कार्बनाच्या चाचणीची आठवण होते. कांहीं मिलिग्रॅम धाग्यांतील हा कार्बन मोजला म्हणजे कापूस कोणत्या काळीं शेतांत उभा होता हें कळतें, असें तत्त्व आहे. १९८८ सालीं तीन प्रयोगशाळांनीं ट्युरिनचें प्रसिद्ध वस्त्र इ. स. १२६० ते १३९० मधील ठरविलें, तें याच रीतीनें. परंतु आमच्या कामीं ती फारशी येत नाहीं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत हवेंतील या कार्बनाचें प्रमाण असें खालींवर होत गेलें कीं, त्या तीनशें वर्षांतील धाग्यास एकच काळ न निघतां दोनतीन निरनिराळे काळ निघतात. आणि शिवकालापासून पुढचें आपलें बहुतेक वस्त्रधन नेमकें याच खिंडींत सांपडतें. कोणीं वाकाटकांचें वस्त्र म्हणून पुढें आणल्यास ही चाचणी अवश्य करावी. भोसल्यांच्या धोतरासाठीं हा खर्च करूं नये.

तेथें खरा साक्षीदार म्हणजे रंग. धाग्याच्या लहानशा तुकड्यांतील रंगद्रव्यें द्रावणांत उतरवून क्रोमॅटोग्राफीनें एकमेकांपासून वेगळीं करतां येतात. आलाच्या मुळांचा तांबडा निराळा, लाखेचा निराळा, आणि डांबरापासून केलेला कारखानी तांबडा त्याहून निराळा. आतां शकावली पाहावी. तिसरे रघूजी भोसले १८५३ त वारले, १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि पर्किन यानें आपला जांभळा रंग १८५६ त काढला. अर्थात् राज्य गेल्यावर कारखानी रंग आला. मूळ विणींत असा रंग निघाला तर वस्त्र भोसलेशाहींतील नव्हे, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो. निळ्याचा मात्र उपयोग थोडा, कारण झाडाच्या व कारखान्याच्या निळींतील मुख्य द्रव्य एकच.

येथें घाई करूं नये. फाटल्यावर रफू करणें, नवा कांठ जोडणें ही घरोघरची रीत आहे. रफूचा धागा उचलला तर नवा रंग निघणारच. यास्तव ताण्याचा, बाण्याचा व कांठाचा असे स्वतंत्र नमुने घ्यावे. उलटपक्षीं, सर्व रंग वनस्पतींचे निघाले म्हणून वस्त्र जुनें ठरत नाहीं. आजही कोणी आलांत सूत रंगवूं शकेल. प्रयोगशाळा खोटें उघडें पाडते, खऱ्यास दाखला देत नाहीं. तो दाखला जुन्या रुमालांतील खरेदीच्या याद्यांतच शोधावा लागेल.

दुसरी एक चूक नित्य होते. अतिनील प्रकाशांत वस्त्र निळसर चमकलें कीं तें नवें, असें कांहीं जण मानतात. ती चमक विसाव्या शतकांतील उजळद्रव्यांची खरी. पण जुनें वस्त्र आजच्या साबणाच्या भुकटीनें धुतलें तरी तेंही तसेंच चमकतें. धुण्याचा मोह आवरावा, हें बरें.

रेशमाविषयीं भंडाऱ्याच्या वाचकांस एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तुतीचें रेशीम सूक्ष्मदर्शकाखालीं गुळगुळीत दिसतें. या जिल्ह्यांतील टसराचा तंतु चपटा व उभ्या रेघांचा असतो. याच भेदावरून हडप्पा येथील धागे रानटी रेशमाचे, व त्यांतील कांहीं टसराच्या जातीचे, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. प्राचीन रेशीम दिसलें कीं तें चीनचें समजण्याची संवय आतां सोडली पाहिजे.

याहून जुन्या काळाचा पुरावा पेटींत मिळणें कठीण, आणि ओल्या मातींत कापड टिकत नाहीं. तें टिकतें धातूच्या आश्रयानें. तांब्याचे क्षार कुजविणाऱ्या जंतूंस मारक असल्यामुळें नेवासें येथील ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या पुरणांत तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागा राहिला, श्री. गुलाटी यांनीं तो तपासून त्यांत रेशीम व कापूस असल्याचें सांगितलें. मुंबईच्या माटुंगा येथील कापूस प्रयोगशाळेंत टर्नर व गुलाटी यांनीं पूर्वी मोहेंजोदडोचें कापड पारखलें होतें. तेंही चांदीच्या भांड्यास चिकटूनच वांचलें होतें.

पवनीच्या परिसरांत जुनीं नाणीं व तांब्याच्या वस्तु हातीं येतात, आणि प्राप्त होतांच चिंचेनें घांसल्या जातात. त्या हिरव्या गंजांत विणीचा ठसा, क्वचित् तंतुही, दडलेला असूं शकतो. वस्तु हातीं येतांच प्रथम भिंगाखालीं धरावी, गंजावर उभ्याआडव्या रेघांची जाळी दिसते का पाहावें, आणि दिसल्यास ती तशीच कोरड्या डबींत ठेवून जाणत्याकडे न्यावी.