उदेभानाची चार रूपे

१० जानेवारी २०२० रोजी ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यानंतर कित्येक दिवस आमच्या तामलवाडीच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. सोलापूरला जाऊन चित्रपट पाहून आलेल्या पोरांचे दोन तट पडले होते. एक तट म्हणे, सैफ अली खानने खलनायक असा काही उभा केला आहे की नायकापेक्षा तोच डोळ्यांपुढून हलत नाही. दुसरा तट म्हणे, हा उदेभान नव्हेच. हा तर लहान मुलांच्या चित्रकथेतला राक्षस. मगर भाजून खाणारा आणि हसत हसत माणसे मारणारा किल्लेदार कधी असतो काय? वाद रंगे, चहा निवून जाई, आणि शेवटी कोणीतरी माझ्याकडे वळून विचारी, “अण्णा, तुम्ही एवढं वाचता. खरा उदेभान कसा होता?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर देण्यासाठी साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते. उदेभान एक नाही. सिंहगडावर मेलेला उदेभान एकच होता. परंतु त्याच्या मागून मराठी माणसाने किमान चार उदेभान घडविले. ते कसे व कशासाठी घडले, हे पाहिले म्हणजे टपरीवरच्या वादाचा निकाल लागतोच असे नाही, पण वाद कशाचा आहे हे तरी कळते.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतो. १६६५च्या जून महिन्यात मिर्झाराजे जयसिंगाबरोबर पुरंदरचा तह झाला. त्यात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंढाणा त्यांपैकी एक. पुढे १६६६ साली आग्र्याहून सुटका झाली आणि १६७० साली गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांनिशी कोंढाण्यावर चढले. मोगलांच्या वतीने गड राखणारा रजपूत किल्लेदार उदेभान होता. दोघांची गाठ पडली आणि दोघेही मारले गेले. गड मराठ्यांनी घेतला.

पहिला उदेभान आपल्याला कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत भेटतो. राजाराम महाराज जिंजीला असताना, म्हणजे लढाईनंतर सुमारे पाव शतकाने, ही बखर लिहिली गेली. लिहिणारा महाराजांच्या पदरचा माणूस. शत्रूला काळे फासावयाचे असते तर त्याला अडविणारे कोणी नव्हते. पण त्याचा उदेभान राक्षस नाही. तो शूर रजपूत आहे, गडावर हल्ला झाल्याचे कळताच हत्यार घेऊन पुढे येतो आणि लढत मरतो. सभासद दोघांनाही मोठे योद्धे म्हणतो. त्याच्या हकिगतीत घोरपड नाही, पळवून आणलेली स्त्री नाही आणि अवाढव्य तोफही नाही.

दुसरा उदेभान तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातला. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा जो संग्रह छापला, त्यामुळे तो आपल्या हाती आला. येथे उदेभानाचे रूप पार पालटते. त्याचा आहार एका गावाला पुरेल एवढा, बायकांची गणती मोठी, पदरी चंद्रावळी नावाचा हत्ती आणि सिद्दी हिलाल नावाचा सरदार. तानाजीला आधी यांच्याशी झुंजावे लागते आणि मग उदेभान समोर येतो. घोरपडीची गोष्टही पोवाड्यातलीच.

शाहिराने असे का केले? डफ-तुणतुण्यावर, उघड्या मैदानात, मशालीच्या उजेडात तो गातो. त्याच्यापाशी पडदा नाही की चित्र नाही. शत्रू किती मोठा होता हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? तेव्हा तो शेतकऱ्याला समजेल असे माप घेतो : किती धान्य, किती मांस, किती माणसे. उदेभानाचे पोट मोठे होते ते तानाजीची छाती मोठी दिसावी म्हणून. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. ऐकणाराही हे माप ओळखून होता. पोवाडा ऐकून कोणी उदेभानाच्या स्वयंपाकघराचा हिशेब मागावयास गेला नाही.

तिसरा उदेभान हरि नारायण आपट्यांचा. ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यांची कादंबरी १९०३ची. वाचक आता मैदानातला नव्हे, दिव्याशी एकटा बसून वाचणारा, शाळा शिकलेला माणूस. त्याला खादाड राक्षसाची भीती वाटत नाही. त्याला कारण हवे असते. खलनायक वाईट का? आपट्यांनी कमलकुमारी ही रजपूत स्त्री कथेत आणली आणि उदेभानाला तिच्या मागे लागलेला पापी पुरुष केले. गडाच्या लढाईला अबलेच्या सुटकेची जोड मिळाली. हाच उदेभान पडद्यावर गेला. बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामाचे काम करणारे व्ही. शांताराम यांनी पुढे १९३३ साली प्रभात कंपनीसाठी ‘सिंहगड’ हा बोलपट केला. दोहोंचा आधार आपट्यांची कादंबरी.

चौथा उदेभान ओम राऊत यांच्या २०२०च्या चित्रपटातला. तेथे त्याचे नाव उदयभान. टपरीवरची पोरे समजत होती की हा अगदी नवा आहे. तसे नाही. त्याचा अघोरी आहार पोवाड्यातून आला आहे आणि कोंडून ठेवलेली स्त्री कादंबरीतून. ‘नागीण’ ही भली मोठी तोफ, काळा वेश आणि वेडसर हसू यांची मात्र नवी भर पडली, कारण आजचा मोठा पडदा भरावयास मोठी वस्तू लागते. दोन वर्षांपूर्वीच्या ‘पद्मावत’मधील खिलजीशी लोकांनी त्याची तुलना केली ती उगाच नव्हे. सैफ अली खानला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. आणि त्यानेच चित्रपट लागल्यानंतर एका मुलाखतीत सांगितले की भूमिका मोहात पाडणारी होती, पण या चित्रपटाला आपण इतिहास मानत नाही. खलनायकाचे सोंग घेणाराच असे बोलल्यावर वादात तेल पडले.

मला या वादात पोवाड्याचा उदेभान बोचत नाही, चौथा बोचतो. अतिशयोक्ती दोहोंतही आहे. पण पोवाडा आपण अतिशयोक्ती करीत आहोत हे लपवीत नाही. चित्रपट मात्र किल्ल्याच्या भिंती, चिलखते, तारखा सगळे खरे वाटावे असे मांडतो, आणि मग त्या खऱ्या वाटणाऱ्या गडावर राक्षस बसवितो. पाहणाऱ्याला कोठे इतिहास संपला आणि कोठे शाहिरी सुरू झाली याची खूण मिळत नाही.

याच दिग्दर्शकाच्या ‘आदिपुरुष’ या २०२३च्या चित्रपटात याच नटाने रावण केला. त्या वेळी मात्र देशभर ओरड झाली. त्याची दाढी, त्याचे केस, त्याचे वाहन, सगळ्यावर आक्षेप. लोक म्हणाले, रावण दुष्ट खरा, पण तो वेदविद्या जाणणारा होता, शिवभक्त होता. त्याचे मोठेपण कोठे आहे? मला हे ऐकून आनंद झाला. आपल्या लोकांना खलनायकाचे गुणही दाखविलेले हवे असतात, याचा हा पुरावा. मग उदेभानासाठी तसे फारसे कोणी का बोलले नाही? कारण रावणाची पुरी कथा आपल्याला आजीने सांगितलेली असते. उदेभानाची कथा सांगणारे त्याच्या बाजूचे कोणी आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही. जो मेला आणि ज्याची आठवण फक्त शत्रूकडे उरली, त्याला वाटेल तो रंग देता येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हा प्रश्न करमणुकीपुरता असता तर व्याख्यानमालेच्या मंचावर मी तो आणला नसता. माझी उमर कामगारांत गेली. तीस-एक वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत आमचा लढा चालू होता. तेथील एक सुपरवायझर फार तोंडाळ होता. बदली कामगारांची हजेरी मारी, बायकांना टाकून बोले. आम्ही गेटसभेत त्याच्यावर भाषणे केली. एका हुशार पोराने कागदावर त्याचे चित्र काढले : सुळे, शिंगे, हातात चाबूक. ते फाटकावर लागले आणि सभेला गर्दी दुप्पट झाली. मला धन्यता वाटली. महिन्याभराने मालकाने त्या माणसाला काढून टाकले. आम्ही गुलाल उधळला. त्याच्या जागी आलेला गृहस्थ गोड बोलणारा, नमस्कार करणारा, घरची खुशाली विचारणारा. वेतनाचा दर तोच राहिला. ओव्हरटाइम पूर्वीसारखाच बुडाला. पण गेटसभेला माणसे येईनात. ज्याच्याविरुद्ध लढावयाचे तो राक्षस गेला होता ना!

चूक आमची होती. आम्ही लोकांना एक तोंड दाखविले आणि त्या तोंडामागचा कारभार दाखविला नाही. राक्षस रंगविण्याचा तोटा हाच. त्याने माणसे लवकर जमतात, पण तो मेला की लढा संपला असे त्यांना वाटते. आणि राक्षसाचे तोंड एखाद्या जातीचे किंवा धर्माचे रंगविले, तर लढा संपल्यावरही तो रंग शेजाऱ्याच्या तोंडावर शिल्लक राहतो.

कोंढाणा उदेभानाच्या दुष्टपणामुळे गेला नव्हता. तो तहात गेला. तो घेणारे जयसिंग रजपूत होते. त्याच तहानंतर संभाजीराजांच्या नावे मोगली मनसब घ्यावी लागली आणि महाराजांना जयसिंगाबरोबर विजापूरवर चालून जावे लागले. शहाजीराजांनीही निजामशाहीची व आदिलशाहीची चाकरी केली होती. त्या काळी शूर माणूस कोणाच्या तरी पदरी असे, आणि ज्याचे मीठ खाल्ले त्याचा गड राखी. उदेभान तसाच एक चाकर. महाराजांचे मोठेपण यात की त्यांनी ही चाकरीची रीत मोडून रयतेसाठी स्वतःचे राज्य उभे केले. समोर नुसता वेडा राक्षस ठेवला तर हे मोठेपण दिसतच नाही. मग तानाजीने एक श्वापद मारले, एवढेच उरते.

म्हणून त्या पोरांना मी सांगितले : चित्रपट पाहा, सैफ अली खानला टाळ्याही द्या, काम त्याने चोख केले आहे. पण घरी येऊन सभासदाची ती दोन-तीन पाने वाचा. स्वराज्याच्या चाकराने, स्वराज्यासाठी पडलेल्या तानाजीची गोष्ट लिहिताना, शत्रूचे शौर्य नाकारले नाही. आपला माणूस ज्याच्याशी लढता लढता पडला, तो लढण्याच्या योग्यतेचा होता, हे त्याला ठाऊक होते. चार रूपांपैकी खऱ्याच्या सर्वांत जवळचे रूप मला तेच वाटते, आणि तानाजीचा सर्वांत मोठा मानही त्यातच आहे.