हृदयाच्या स्नायूतला रक्तस्राव : दोष गोळ्यांचा नव्हे

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो आणि काही दिवसांनी केलेल्या हृदयाच्या एमआरआयमध्ये 'स्नायूत रक्तस्राव' असं येतं. घरातल्यांचा पहिला संशय जातो तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर. "एवढ्या गोळ्या घेतल्यावर रक्त येणारच, बंद करा त्या!" हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी त्याचंच पाहू.

धमनी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. साधारण वीस मिनिटं ते अर्ध्या तासात पेशी मरू लागतात आणि ही हानी आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे सरकत जाते. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवून दिलं. स्नायूबरोबर तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीही खिळखिळ्या होतात. मग धमनी उघडली की परतलेलं रक्त त्या भिंतींतून स्नायूत झिरपतं. उपचाराच्या वेळी दिलेली काही जोरकस औषधं त्यात भर घालू शकतात, पण मूळ कारण केशवाहिन्यांची नासाडी हेच. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर या गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत. त्या मनानेच थांबवल्या, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, तर स्टेंट बंद पडून दुसरा अटॅक येऊ शकतो. शौचाला काळं होत असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो वेगळा रक्तस्राव. त्यासाठी लगेच डॉक्टरांना गाठावं. गोळ्या बदलायच्या की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावं.

'अँजिओप्लास्टीची तार टोचली असेल' हाही एक समज. धमनीला छिद्र पडणं क्वचित घडतं, आणि ते बहुधा तिथल्या तिथे अँजिओग्राफीत दिसतं. त्याचा या झिरपण्याशी संबंध नाही.

'ब्लॉक निघाला, आता हृदय पहिल्यासारखं' असं मात्र जवळजवळ सगळेच धरून चालतात. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. त्यांच्या पलीकडच्या केशवाहिन्यांत काय झालं ते दिसत नाही. साध्या इकोतही हा रक्तस्राव ओळखू येत नाही, त्याला विशिष्ट पद्धतीचा एमआरआयच लागतो. मोठ्या अटॅकनंतर धमनी उघडलेल्या रुग्णांचा असा एमआरआय केला, तर साधारण तिघांपैकी एकात किंवा त्याहून अधिकांत तो आढळतो. गुडघ्यावरचा मुका मार काळानिळा होऊन निवळतो, तसं इथे होईलच असं नाही. झिरपलेल्या रक्तातलं लोह स्नायूत साचून राहू शकतं, त्याने दाह चालू राहतो, हृदयाचा आकार वाढतो, पंपिंग घटतं. कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हृदयस्नायूच्या हानीचे चार टप्पे मांडले आहेत. त्यांत रक्तस्राव हा चौथा, सर्वांत गंभीर टप्पा आहे.

हे वाचून 'मग धमनी उघडायचीच कशाला?' असं कुणी विचारेल. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. गुठळी विरघळवून धमनी उघडणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. धमनी उघडायलाच हवी, आणि लवकर उघडायला हवी. कारण उशीर जितका जास्त, तितकी रक्तस्रावाची शक्यता जास्त. छातीतल्या दुखण्याला पित्त समजून सोडा पिण्यात जे तास जातात, ते मला सर्वांत घातक वाटतात. अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होण्यासारखी नसेल, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देतात. शहर गाठण्याची वाट बघत नाहीत.

या रक्तस्रावावर खास औषध अजून हाती नाही. ब्रिटनमधल्या टी-टाइम चाचणीत ४४० रुग्णांपैकी काहींना अँजिओप्लास्टीच्या वेळी थेट धमनीत गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज कमी मात्रेत देऊन पाहिलं. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांत केशवाहिन्यांचे अडथळे कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून सध्या भर असतो तो हृदयाचं पंपिंग सांभाळणाऱ्या नेहमीच्या औषधांवर आणि पुन्हा इको करण्यावर. तो कधी करायचा, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावं. मधल्या काळात धाप लागली, पाय सुजले किंवा वजन भराभर वाढू लागलं, तर ठरलेल्या तारखेसाठी थांबू नये.