उलाळ नको, धुरजडही नको

आरमोरीकडे धानाची पोती वाहण्यात माझा हिवाळा सरतो. दोनचाकी ट्रॉली भरताना आजोबांचे बैलगाडीचे शब्द आठवतात. मागे भार जास्त तर गाडी उलाळ, पुढे जास्त तर धुरजड. ट्रॅक्टरलाही तेच लागू. उलाळ ट्रॉली हूक वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. धुरजड झाली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून मी बहुतेक पोती आसावर रचतो, थोडी पुढे सरकवून.

अमेरिकेत मोटारीमागच्या ट्रेलरचा साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवतात. हुकाला लावलेल्या स्प्रिंगच्या दांड्या त्यातला काही भार मोटारीच्या पुढच्या चाकांवर ढकलतात. आमच्याकडे ते काम ट्रॅक्टरच्या नाकावरची लोखंडी वजनं करतात. हूकही मी खालीच ठेवतो. चढावर पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली, की समजायचं, भार जमला.