शनी की गुरू? : एका चित्रपटाचे उशिरा घडलेले दर्शन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे विज्ञानाचे शिक्षक. आम्हां मुलांना ते नुसते 'सर' म्हणून ठाऊक होते आणि आजही मी त्यांचा उल्लेख तसाच करणार आहे. मी आयुष्यभर मराठी साहित्य शिकवले. त्यामुळे विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानासाठी माझे नाव सुचले तेव्हा मला संकोच वाटला. परंतु सरांचे एक ऋण आणि त्यांच्यामुळे माझ्या हातून घडलेली एक चूक, अशा दोन्ही गोष्टी सांगायच्या राहून गेल्या होत्या.

१९६९ साली मी अकरावीत होतो. माणूस चंद्रावर उतरल्याला काही महिने झाले होते. एका ऑफ तासाला सर वर्गावर आले आणि '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाची कथा सांगू लागले. पुढच्या तासाच्या शिक्षकांनीही त्यांना थांबवले नाही. ते स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसले. आदिमानवांसमोर अवतरलेली गूढ शिळा, चंद्राच्या पोटात सापडलेली तिची जोडीदारीण, शनीकडे निघालेले यान, त्या यानाचा कारभार पाहणारा आणि पुढे माणसांच्या जिवावर उठलेला हॅल नावाचा संगणक. शनीच्या जॅपेटस या उपग्रहाचे चित्र सरांनी फळ्यावर काढले. अर्धे वर्तुळ खडूने भरले, अर्धे तसेच काळे ठेवले. १६७१ साली कॅसिनीने हा उपग्रह शोधला. तो शनीच्या एका बाजूस असताना दिसतो आणि दुसऱ्या बाजूस गेला की दिसेनासा होतो, कारण त्याचा एक गोलार्ध उजळ तर दुसरा डांबरासारखा काळा आहे. हे सारे मला पंचावन्न वर्षांनंतरही आठवते, हेच सरांचे अध्यापन. त्या संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चालत जाताना आम्ही दुसऱ्या कशाविषयीही बोललो नाही.

हॅल का बिघडला, याचा उलगडाही सरांनी केला होता. खरे बोलणे हा त्याचा स्वभाव. पण प्रवासाचा खरा हेतू यात्रिकांपासून लपवण्याची त्याला आज्ञा होती. त्या ओढाताणीत त्याचे डोके फिरले. शेवटी नायकाचे रूपांतर एका दिव्य बालकात होते आणि ते बालक पृथ्वीभोवती फिरणारी अण्वस्त्रे नष्ट करते. कुठेही शंकेला जागा नाही. एखाद्या चांगल्या प्रमेयाची सिद्धता असावी तशी ती कथा होती.

आणि इथेच माझी चूक सुरू होते. पुढे साहित्याचा विद्यार्थी आणि मग प्राध्यापक झाल्यावर माझ्या मनात एक मत पक्के बसले : विज्ञानकथा सर्व काही समजावून सांगते, साहित्य सुचवते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त प्रतीयमान अर्थाला काव्याचा आत्मा मानले. जिथे प्रतीयमान काहीच उरत नाही तिथे आमच्यासारख्यांचे काम काय? १९८६ साली एक विद्यार्थिनी मराठी विज्ञानकथेवर प्रबंध लिहिण्याची इच्छा घेऊन माझ्याकडे आली. सोबत तिने वाचनाची यादी आणली होती. मी ती यादी नीट वाचलीही नाही. उदाहरणादाखल मी तिला सरांनी सांगितलेली ही कथाच ऐकवली आणि म्हणालो, 'पाहा, सगळे सांगून झाले. यात समीक्षकाने काय शोधायचे?' तिने विषय बदलला. प्रबंध चांगला झाला, पण तो तिचा नव्हता. हे तेव्हाही माझ्या लक्षात आले होते, मी ते मनावर घेतले नाही.

गेल्या दिवाळीत नातीने घरच्या दूरदर्शन संचावर हा चित्रपट लावला. मी समोर बसलो तो जुनी ओळख ताजी करण्याच्या भावनेने. पहिली सुमारे पंचवीस मिनिटे पडद्यावर एकही शब्द उच्चारला जात नाही. वानरसदृश प्राणी, खडक, वारा आणि ती काळी शिळा. ती कोणी ठेवली, कशासाठी, हे कोणी सांगत नाही. एक वानर हाडाचे शस्त्र करतो, विजयोन्मादात ते आकाशात भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी त्या हाडाच्या जागी अवकाशात तरंगणारे यान दिसते. दोन चित्रांच्या मधल्या फटीत लाखो वर्षे गेली. मी ध्वनिसिद्धान्त तीस वर्षे शिकवला. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गात कधी देता आले नव्हते.

मग यान निघाले. ते शनीकडे नव्हे, गुरूकडे निघाले! मी नातीला म्हणालो, काहीतरी चुकते आहे. ती म्हणाली, 'आजोबा, चित्रपट कसा चुकेल?' जॅपेटस आला नाही. हॅलच्या वेडाचे कारण कोणी उलगडून सांगितले नाही. अखेरच्या बालकाने अण्वस्त्रे नष्ट केली नाहीत. ते नुसते आपल्याकडे पाहत राहिले. चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

त्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक आणि लेखक आर्थर क्लार्क यांनी पटकथा आणि कादंबरी जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांच्या साहाय्याने सिद्ध केली. बीज क्लार्क यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सेंटिनल' या लघुकथेत होते. चित्रपट एप्रिल १९६८ मध्ये आला आणि कादंबरी त्यानंतर काही महिन्यांत. कादंबरीतले यान शनीकडे जाते. चित्रपटासाठी शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी उभी करणे तेव्हाच्या तंत्राला जमेना, म्हणून गुरूवर थांबावे लागले. जॅपेटस कादंबरीतला, हॅलच्या मनातली ओढाताण कादंबरीतली आणि अण्वस्त्रांचा नाशही कादंबरीतलाच. म्हणजे सरांनी चित्रपट पाहिलाच नव्हता. त्यांनी पुस्तक वाचले होते. आठवून पाहतो तर 'मी पाहिला' असे ते कधी म्हणालेही नव्हते. ते आम्हीच गृहीत धरले. न पाहिलेल्या चित्रपटाची, न पाहिलेल्या माणसाकडून ऐकलेली कथा, तिच्या आधारावर मी एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचा निकाल लावला होता.

कादंबरी हीन आणि चित्रपट थोर, असे मात्र मला म्हणायचे नाही. क्लार्क यांनी भूस्थिर उपग्रहांद्वारे दळणवळणाची कल्पना १९४५ सालीच मांडली होती. स्पष्ट सांगणे हा त्यांच्या बुद्धीचा धर्म होता. क्युब्रिक यांनी त्याच सामग्रीतून स्पष्टीकरणे काढून टाकली. पहिल्या खेळांनंतर त्यांनी आणखी सुमारे एकोणीस मिनिटे कापली. मूळ सामग्री एकच, पण एकाने वाच्यार्थ जपला तर दुसऱ्याने व्यंग्यार्थ. अशी जोडी अभ्यासकाच्या वाट्याला क्वचितच येते.

एकच प्रसंग सांगतो. यानात तीन शास्त्रज्ञ दीर्घनिद्रेत ठेवलेले आहेत. हॅल त्यांना मारतो. आपल्याला दिसतात त्या फक्त पडद्यावरच्या रेषा : हृदयाची, श्वासाची. त्या चढतात, उतरतात, मग एकामागून एक सपाट होतात, आणि जीवनक्रिया थांबल्याची सूचना झळकते. रक्त नाही, किंकाळी नाही, संगीत नाही. पुढे नायक हॅलच्या स्मृतीचे एकेक खण काढू लागतो तेव्हा तो खुनी संगणक भीती बोलून दाखवतो, विनवण्या करतो, आवाज जड होत जातो आणि अखेर तो शिकवलेले एक जुने गाणे म्हणतो. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून हेच गाणे म्हणवून घेतले होते आणि क्लार्क यांनी ते प्रत्यक्ष ऐकले होते. चित्रपटातली माणसे तर अगदी निर्विकार बोलतात, वाढदिवसाच्या शुभेच्छाही कोऱ्या चेहऱ्याने ऐकतात. करुण रसाचा आश्रय यंत्र व्हावे आणि माणूस होऊ नये, ही रचना कोणत्या अलंकारशास्त्रात बसवावी? मला अजून नीट बसवता आलेली नाही.

इतक्या उशिरा पाहण्याचा एक चमत्कारिक लाभ असा, की २००१ साल केव्हाच मागे पडले आहे. चित्रपटात चंद्रावर ये-जा करणारी पॅनॅम कंपनी १९९१ साली बंद पडली. ज्या सोव्हिएत शास्त्रज्ञांशी अवकाशस्थानकात गप्पा होतात त्यांचे संघराज्यही त्याच वर्षी विसर्जित झाले. चंद्रावर वसाहत झाली नाही. यात्री जेवताना ज्या सपाट पाटीवर बातम्या पाहतात ती पाहून मात्र नात उद्गारली, 'हा तर टॅब!' अवकाशात ध्वनी नसतो हे सत्यही चित्रपट कसोशीने पाळतो. यानाबाहेर ऐकू येतो तो यात्रिकाचा श्वास तेवढा. माणसे चक्राकार दालनात धावताना दिसतात त्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चक्र खरोखर बांधले होते. तरंगणारे पेन मात्र फक्त काचेला चिकटवलेले होते! सरांना हे कळते तर त्यांनी तासभर तरी त्यावरच घालवला असता.

विद्यार्थिनीला मी दूरध्वनी केला. तीही आता सेवानिवृत्त झाली आहे. शनी-गुरूचा घोटाळा ऐकून ती खूप हसली. मग म्हणाली की हा चित्रपट तिने प्रबंध सादर केल्यानंतरच्या वर्षीच पाहिला होता आणि तेव्हाच तिला माझी चूक कळली होती. मला सांगावेसे तिला का वाटले नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तिने १९८६ साली दिलेली यादी जुन्या कागदांत सापडली. पहिल्याच क्रमांकावर डॉ. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. यादीच्या समासात बारीक अक्षरात तिची टिपणे आहेत, काही ठिकाणी प्रश्नचिन्हे आहेत. मी आता ती यादी क्रमाने वाचतो आहे. सध्या चौथ्या पुस्तकावर आहे.